जर्मन अभिजात कविता: आधी ठोका ऐका, मग विषय शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. जर्मनला 'अभिजात जर्मन भावकवितेचे विषय आणि रूप' यावर मोठा प्रश्न येतो. नोट्समध्ये एका पानावर विषयांची यादी आहे: निसर्ग, प्रेम, मानवता, ग्रीस, नश्वरता. दुसर्‍या पानावर प्रकारांची: ओड, एलेगी, हिम्ने, बालाडे, सॉनेट. दोन्ही याद्या पाठ आहेत, पण कविता समोर आली की काय लिहावं ते सुचत नाही. कुठे चुकतंय?

त्या दोन पानांतच चुकतंय. पुण्यात मी पंचवीस वर्षं जर्मन शिकवते आहे, आणि उत्तरपत्रिकांत दरवर्षी हेच दिसतं: दोन पानं भरून निसर्गप्रेम, आणि शेवटी घाईघाईनं 'ही कविता डिस्टिखॉनमध्ये आहे' असं एक वाक्य. मांडवात नवरीचं सगळं वर्णन करून झाल्यावर साडीचा रंग सांगावा तसं. या कवींसाठी वृत्त म्हणजे नंतर नेसवलेली साडी नव्हती. एखादी गोष्ट कुठल्या छंदात म्हणायची हे ठरलं की त्या गोष्टीबद्दल आपलं मत काय, हेही बरंचसं ठरून जायचं. म्हणून मी याद्या देणार नाही. चार-पाच कविता उघडून दाखवते.

आधी काळाचं उरकून घेऊ, कारण त्यात अडकण्यासारखं फार नाही. काटेकोरपणे 'वायमार अभिजातकाळ' (वायमार हे ग्योटे आणि शिलर या दोन कवींचं शहर) म्हणजे ग्योटे १७८६ साली इटलीला गेला तिथपासून शिलर १८०५ साली वारला तिथपर्यंत. काही जण १७९४ पासून धरतात, कारण त्या वर्षी या दोघांची मैत्री जुळली. पण ग्योटेच्या १७७०च्या दशकातल्या कविता आणि बाजूला एकटा उभा असलेला ह्योल्डर्लीन वगळून या विषयावर बोलताच येत नाही, त्यामुळे मी सैल हातानं धरते आहे. परीक्षेत मात्र वर्षं लिहा आणि आपण सैल का धरतोय तेही एका वाक्यात लिहा. तेवढ्यानं परीक्षक निवळतो.

(नावाबद्दल: 'ग्योटे', 'गटे', 'गोएथे' सगळं चालतं. तो स्वर आपल्याकडे नाहीच. ओठ 'ओ' म्हणायला गोल करायचे आणि आत जिभेनं 'ए' म्हणायचं. वर्गात पहिल्या दिवशी यावर पंधरा मिनिटं हशा असतो.)

आता ठोक्याकडे. आपला कान लघु-गुरूवर घडलेला आहे. शार्दूलविक्रीडित म्हटलं की म-स-ज-स-त-त-ग, एकोणीस अक्षरं, आणि अक्षर लांब की आखूड हे तराजूनं तोलल्यासारखं ठरलेलं. ग्रीक आणि लॅटिन वृत्तंही अशीच, लांबी-आखूडपणावर चालणारी. जर्मन भाषा तशी चालत नाही, ती आघातावर चालते. एक उदाहरण मला फार आवडतं, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. 'यूबरझेत्सेन' या क्रियापदात ठोका पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ होतो नावेनं पैलतीरी नेणं. 'झेत्'वर दिला तर अर्थ होतो भाषांतर करणं. अक्षरं तीच, फक्त ठोका सरकला.

तर जर्मन कवींपुढे अडचण ही होती की होमरचं वृत्त आपल्या भाषेत आणायचं कसं. क्लोपश्टोकनं (१७२४–१८०३) मार्ग पक्का करून दिला: जिथे ग्रीकमध्ये दीर्घ अक्षर, तिथे जर्मनमध्ये आघाताचं अक्षर ठेवायचं. त्याचं लेखन आज फार कोणी आवडीनं वाचत नाही, मीही नाही. पण ग्योटेच्या 'वेर्थर' कादंबरीत (१७७४) वादळ ओसरताना खिडकीशी उभी असलेली लोटे फक्त 'क्लोपश्टोक!' एवढंच म्हणते, आणि वेर्थरचे डोळे भरून येतात. एका कवीचं नुसतं नाव घेतल्यावर दोन माणसांना एकमेकांच्या मनातलं कळावं, इतका तो तेव्हा दोघांच्या पिढीत मुरलेला होता.

आता पहिली कविता. शिलरची 'नेनी', १७९९ची. नेनी म्हणजे रोमन लोकांचं मर्तिकाचं गाणं. चौदा ओळी, म्हणजे सात डिस्टिखॉन. डिस्टिखॉन ही दोन ओळींची जोडी असते: वरची हेक्झामीटर, खालची पेंटामीटर. पहिली जोडी मोठ्यानं म्हणा आणि ओळीच्या सुरुवातीच्या नि प्रत्येक रेघेनंतरच्या पहिल्या अक्षराला मांडीवर थाप द्या:

आउख डास / श्योने मुस / श्टेर्बन! डास / मेन्शन उंट / ग्योटर बे / त्स्विंगेट,
निश्ट डी / एहेर्ने / ब्रुस्ट // र्यूर्ट एस डेस / श्ट्युगिशन / त्सॉयस.

अर्थ: सुंदरालाही मरावंच लागतं! माणसांना नि देवांना जिंकणारं ते, पण पाताळातल्या झ्यूसची कांस्याची छाती त्यानं हलत नाही.

वरच्या ओळीत सहा थापा पडल्या. खालच्या ओळीतही सहाच पडतात, नाव मात्र 'पेंटा', म्हणजे पाच. ते नाव जुन्या ग्रीक हिशेबातून आलं आहे, त्यावर डोकं फोडू नका. महत्त्वाची आहे ती मधली यती. 'ब्रुस्ट' आणि 'र्यूर्ट' ही दोन आघाताची अक्षरं समोरासमोर येतात, मध्ये उसंत द्यायला एकही हलकं अक्षर नाही. जीभ अडखळते, थांबावंच लागतं. वरची ओळ लाटेसारखी पुढे जाते, खालची मध्येच मोडते. शिलरनं स्वतः एका जोडीत डिस्टिखॉनचं वर्णन केलं आहे: हेक्झामीटरमध्ये कारंज्याचा पाण्याचा खांब वर चढतो, पेंटामीटरमध्ये तो गात गात खाली येतो.

आता 'नेनी'चा विषय बघा. सौंदर्य चढतं आणि पडतं. सात वेळा चढतं, सात वेळा पडतं. नोट्समधल्या 'नश्वरता' आणि 'डिस्टिखॉन' या दोन नोंदी इथे एकच होतात. पुढे शिलर तीन पुराणकथा आणतो: ऑर्फियसनं पाताळातून जवळजवळ परत आणलेली बायको, रानडुकरानं फाडलेला अ‍ॅफ्रोडायटीचा देखणा प्रियकर, ट्रॉयच्या वेशीत पडलेला अखिलीस. या तिघांपैकी एकाचंही नाव तो घेत नाही. 'सुंदर मुलगा', 'दैवी वीर', एवढंच. नावं पुसल्यामुळे तिघे मिळून एकच मेलेलं कोणीतरी होतं. ओळींच्या सुरुवातीला 'निश्ट', 'निश्ट', 'निश्ट' असा नकार तीनदा येतो, आणि नवव्या ओळीच्या पहिल्याच ठोक्यावर 'आबर', म्हणजे 'पण'. तिथे समुद्रातून अखिलीसची आई वर येते, सगळ्या जलदेवतांना घेऊन, आणि रडणं सुरू होतं. मरण टळत नाही. फक्त त्याचं गाणं होतं. शेवटून दुसरी ओळ पुन्हा 'आउख'नं, म्हणजे 'देखील'नं सुरू होते, अगदी पहिल्या ओळीसारखी: प्रियजनाच्या तोंडचं विलापगीत होणं हेही देखणंच आहे. आणि अगदी शेवटी, खाली पडणार्‍या पेंटामीटरमध्ये: जे सामान्य आहे ते 'क्लांगलोस', आवाजाविना, खाली जातं.

एका शब्दाकडे परीक्षेत जरूर बोट दाखवा: 'गेमाइने', सामान्य. शिलरवर अभिजनवादाचा आरोप होतो तो अशाच ठिकाणी, आणि तो मला निराधार वाटत नाही. ज्याच्यासाठी रडायला कोणी कवी नाही, तो गेलाच म्हणायचा का?

आपल्याकडचा वाचक हे पटकन पकडतो, कारण आपणही वृत्ताला भाव चिकटवतो. रघुवंशातला अजविलाप वियोगिनीत आहे, मेघदूत मंदाक्रांतेत. कालिदासाचा आणि या डिस्टिखॉनचा एक खरा संबंधही आहे. विल्यम जोन्सच्या इंग्रजी शाकुंतलावरून गेओर्ग फोर्स्टरनं १७९१ साली जर्मन भाषांतर केलं आणि ते वाचून ग्योटेनं चार ओळी लिहिल्या. वसंताची फुलं आणि सरत्या वर्षाची फळं, मोहवणारं आणि पोसणारं, आकाश आणि धरती हे सगळं एका नावात सांगायचं तर, शकुंतले, मी तुझं नाव घेतो. हे अवतरण आपल्याकडे भाषणांतून इतकं झिजलं आहे की ते दोन डिस्टिखॉन आहेत हे कोणी बघत नाही. तीन ओळी 'विल इश', 'विल इश' (मला जर हवं असेल) करत चढत जातात आणि शेवटच्या अर्ध्या ओळीत 'सगळं सांगून झालं' म्हणून खाली बसतात. कारंज्याचीच चाल.

एलेगीबद्दल एक गैरसमज इथेच मोडतो. आपण एलेगीला विलापिका म्हणतो, त्यामुळे मुलं 'रोमन एलेगी' या नावाखाली दुःख शोधत बसतात. त्या काळी एलेगी म्हणजे आधी डिस्टिखॉनमधली कविता, रडणं ऐच्छिक. ग्योटेच्या 'रोमन एलेगी' तर त्याच्या सगळ्यात सुखी कविता आहेत. पाचव्या एलेगीत तो सांगतो की प्रेयसीच्या मिठीत मी कविता रचल्या आहेत आणि तिच्या पाठीवर बोटांनी हलकेच हेक्झामीटरचे ठोके मोजले आहेत. वृत्त शिकवायला याहून चांगला तक्ता मला मिळालेला नाही, पण वर्गात तो सांगताना मागच्या बाकांकडे बघायचं नसतं. या एलेगी १७९५ साली शिलरच्या 'डी होरेन' मासिकात आल्या, त्याही काही वगळूनच, तरी वायमारमध्ये ओरड झाली. मासिकाच्या नावातला 'ओ' काढून आता 'उ' छापावा, असं ग्योटेचा जुना स्नेही, लेखक हर्डर म्हणाल्याचं सांगतात. 'हूरेन' म्हणजे वेश्या. उलट १८२३ सालची 'मारियनबाड एलेगी' खरोखर रडते. चौर्‍याहत्तर वर्षांचा ग्योटे एकोणीस वर्षांच्या मुलीत गुंतला होता, नकार आला, आणि परतीच्या वाटेवर घोडागाडीतच त्यानं ती लिहिली. तिच्यात डिस्टिखॉन नाही. सहा-सहा ओळींची यमकं जुळवलेली कडवी आहेत. म्हणजे नावावरून वृत्त ठरवू नका, कानावरून ठरवा.

मुक्त लयीकडे वळते, थोडक्यात. 'प्रोमेथॉयस' ही ग्योटेच्या पंचविशीतली कविता, झ्यूसविरुद्ध बंड करणार्‍या ग्रीक पुराणातल्या प्रोमेथॉयसच्या तोंडची. यमक नाही, ठरलेलं वृत्त नाही. देवाला तो आज्ञार्थानं हाक मारतो: झाक तुझं आकाश, झ्यूस, ढगांच्या वाफेनं! देवाच्या कायद्यात न बसणारा माणूस वृत्ताच्या कायद्यातही बसत नाही, आणि शेवटची ओळ दोनच शब्दांची: 'वी इश', माझ्यासारखी. १७८५ साली ही कविता तत्त्वज्ञ याकोबीनं ग्योटेला न विचारता छापली आणि तिच्या निमित्तानं ईश्वर जगाबाहेर की जगातच, यावर जर्मनीत मोठा वाद पेटला. पण परीक्षेला उपयोगाची गोष्ट ही की १७८९च्या संग्रहात ग्योटेनं 'प्रोमेथॉयस'च्या लगेच पुढे 'गानिमेड' ठेवली. तीच मुक्त लय, पण इथला मुलगा वर ओढला जातोय, देवाच्या कुशीत, 'सर्वांवर प्रेम करणार्‍या पित्या' म्हणत. एकाच साच्यात बंड आणि शरणागती. नंतर लिहिलेल्या 'ग्रेन्त्सेन डेर मेन्शहाइट' (मानवाच्या मर्यादा) मध्ये लय मुक्तच आहे, पण दमात घेतलेली आहे. ओळी आखूड, दोन-दोन ठोक्यांच्या:

डेन मिट ग्योटर्न
झोल झिश निश्ट मेसन
इर्गेंट आइन मेन्श.

कारण देवांशी कुणाही माणसानं बरोबरी करू नये. प्रोमेथॉयसचा कवी आणि हा कवी एकच. काय बदललं हे तुम्ही विषयाच्या यादीत शोधाल तर 'तारुण्य विरुद्ध प्रौढपणा' असलं काहीतरी गुळमुळीत हाती येईल. ओळींची लांबी मोजा, ठोके मोजा, लगेच दिसतं.

आता गाणं, म्हणजे 'लीड'. हर्डरनं श्ट्रासबुर्गमध्ये १७७०–७१च्या सुमारास तरुण ग्योटेला लोकगीतांची गोडी लावली, त्यातून 'हायडेनर्योसलाइन' आली. माळावरचं गुलाबाचं फूल. शूबर्टनं १८१५ साली तिला चाल लावली आणि आज ती लहान मुलंही गातात. मुलगा म्हणतो, तुला तोडतो. फूल म्हणतं, टोचेन. मुलगा तोडतोच, आणि तिचं 'हाय हाय' काही कामी येत नाही, तिला सोसावं लागतं. पुन्हा ध्रुपद: छोटं गुलाब, छोटं गुलाब, लाल लाल. ध्रुपदाला काही कळतच नाही. हिंसेच्या आधीही तेच गोड ध्रुपद, नंतरही तेच. साधेपणा हा या कवितेचा गुण म्हणून नोट्समध्ये दिलेला असतो. माझ्या मते तो तिचा काटा आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाचं सगळ्यात कडू दुःख किती सपक चालीत येतं हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आणि आता आठ ओळींची, चोवीस शब्दांची ती कविता. पूर्ण देते:

यूबर आलेन गिप्फेल्न
इस्ट रू,
इन आलेन विप्फेल्न
श्प्यूरेस्ट डू
काउम आइनेन हाउख;
डी फ्योगेलाइन श्वाइगेन इम वाल्डे.
वार्टे नूर, बाल्डे
रूएस्ट डू आउख.

६ सप्टेंबर १७८० रोजी ग्योटेनं इल्मेनाऊजवळच्या किकेलहान डोंगरावर, शिकार्‍यांच्या लाकडी झोपडीच्या भिंतीवर पेन्सिलीनं ही लिहिली. शब्दशः: सगळ्या शिखरांवर शांतता आहे, सगळ्या शेंड्यांत तुला जेमतेम एक श्वास जाणवतो, पाखरं रानात गप्प आहेत. थांब जरा, लवकरच तूही विसावशील.

नजर कशी उतरते बघा. शिखरं म्हणजे दगड, शेंडे म्हणजे झाडं, मग पक्षी, मग 'तू'. दूरच्या निर्जीवापासून जवळच्या सजीवापर्यंत शांतता एकेक पायरी खाली येते आणि माणसापाशी थबकते, कारण तोच एक अजून शांत झालेला नाही. 'गिप्फेल्न'मधून 'विप्फेल्न' निघतं, एका अक्षराच्या फरकानं. डोंगराचा शेंडा आणि झाडाचा शेंडा. 'रू' आणि 'डू' यांचा लांब 'ऊ', मग 'काउम', 'हाउख', 'आउख' यांचा उसासा. 'हाउख' म्हणजेच श्वास, आणि तो शब्द म्हणताना तोंडातून खरोखर हवा जाते. समोर मेणबत्ती धरून बघा. सहावी ओळ अचानक लांब आणि हलकी, जणू पाखरं गप्प आहेत हे सांगताना कविताच जरा किलबिलते. यमकं आधी एकाआड एक (अबअब), मग मिठी मारल्यासारखी (कडडक). ठरलेलं वृत्त नाही, तरी एकही अक्षर हलवता येत नाही. शेवटचं विसावणं झोपेचं की मरणाचं? दोन्ही. कविता ठरवत नाही, आणि उत्तरात तुम्हीही ठरवू नका.

भाषांतर करताना मी कितीदा अडले आहे. 'रू' आणि 'रूएस्ट' एकाच धातूचे. पहिल्यांदा ती शिखरांवर आहे, शेवटी ती तुझी क्रिया होते. 'शांतता' घेतली तर शेवटी 'शांत होशील' म्हणावं लागतं, ते डॉक्टरच्या तोंडचं वाटतं. आता मी 'निवांत' आणि 'निवशील' घेते:

सार्‍या शिखरांवर
निवांत,
सार्‍या शेंड्यांत
लागतो तुला
जेमतेम श्वास;
पाखरं रानात गप्प.
थांब जरा, लवकरच
तूही निवशील.

'निवणं'मध्ये तापलेलं काहीतरी थंड होणं आहे, आणि 'निवांत' म्हटलं की मला गीतेतला 'निवातस्थ' दिवा आठवतो, वारा न लागलेला. इथेही वारा जेमतेमच आहे. यमक गेलं, 'हाउख–आउख' गेलं, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

२७ ऑगस्ट १८३१ रोजी, ब्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ग्योटे पुन्हा त्या झोपडीत गेला. बरोबर असलेल्या खाण-निरीक्षक मार यांनी नंतर लिहून ठेवलं आहे: भिंतीवरच्या ओळी वाचताना त्याच्या गालांवरून अश्रू ओघळले, त्यानं रुमालानं ते पुसले, आणि हळूच म्हणाला, 'हो, थांब जरा, लवकरच तूही विसावशील.' पुढच्या मार्चमध्ये तो गेला. झोपडी १८७० साली जळाली. आज आहे ती पुन्हा बांधलेली.

बालाडे, म्हणजे कथाकाव्यं, हा वेगळाच मोठा विषय आहे. १७९७ साली ग्योटे आणि शिलर दोघांनी चढाओढीनं ती लिहिली, त्याला 'बालाडेंचं वर्ष' म्हणतात. मी एकीपुरती थांबते, कारण ती आपल्या घरची आहे: 'डेर गोट उंट डी बायादेरे'. सुरुवातच 'महाद्यो, पृथ्वीचा स्वामी, सहाव्यांदा खाली येतो' अशी. महादेव आणि दशावतार यांची प्रवासवर्णनातून झालेली ही सरमिसळ बघून वर्गात कोणीतरी हमखास हात वर करतं. देव एका नर्तिकेकडे रात्र काढतो, सकाळी मेलेला आढळतो, ती चितेत उडी घेते आणि देव तिला घेऊन आकाशात जातो. कडव्याची बांधणी ऐका: आधी आठ ओळी संथ, एक भारी एक हलकं अशा चालीच्या, मग तीन ओळी एकदम झुलत्या, एका भारी अक्षरामागे दोन हलकी. नऊ कडवी, प्रत्येकात हाच बदल. माणसाची चाल आणि देवाची चाल एकाच कडव्यात एकमेकींना भिडत राहतात, असं मी ते ऐकते. सती जाण्याला त्यानं जे तेज दिलंय ते मात्र आज वाचताना खुपतं, आणि खुपतं असं लिहायला हरकत नाही.

ग्योटेनं उतारवयात लिहिलेली 'पारिया' ही तीन कवितांची मालिका तर थेट रेणुकेची कथा सांगते. रोज घड्याशिवाय हातात पाण्याचा गोळा करून आणणारी ब्राह्मणाची पत्नी, पाण्यात दिसलेलं देखणं प्रतिबिंब, त्या दिवशी न वळलेला पाण्याचा गोळा, नवर्‍यानं उडवलेलं शिर, आणि मुलानं घाईत दुसर्‍याच बाईच्या धडावर बसवलेलं डोकं. माहूरला देवीचा नुसता मुखवटा पाहिलेल्या माणसाला ही कविता वाचताना जे होतं ते वायमारमधल्या वाचकाला झालं नसणार. तिथे ग्योटेला हवा आहे तो प्रश्न वेगळा: वरचं डोकं आणि खालचं शरीर एकत्र सांधलेली ही बाई देवापुढे कोणाची बाजू मांडणार?

ह्योल्डर्लीनला मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याच्याबाबत मी स्वतः बरीच वर्षं चुकले. 'हेल्फ्टे डेस लेबेन्स', अर्ध्या आयुष्याची कविता, १८०५ सालच्या एका वार्षिकात आली. सात-सात ओळींची दोन कडवी. पहिल्यात पिवळ्या नासपतींनी लगडलेली जमीन तळ्यात लोंबते आहे, चुंबनांनी झिंगलेले हंस 'हाइलिश-न्युश्टर्न' पाण्यात डोकं बुडवताहेत. हा जोडशब्द त्यानंच घडवलेला: पवित्र आणि शुद्धीवरचं. 'न्युश्टर्न' म्हणजे न प्यालेला, आणि अनशापोटी असलेलाही. झिंग आणि शुद्ध एका वाक्यात, कडवं संपतं, सगळं भरलेलं.

मग मोकळी जागा, आणि:

वे मीर, वो नेम इश, वेन
एस विंटर इस्ट, डी ब्लूमेन, उंट वो
डेन झोनेनशाइन

हाय, कुठून आणू मी, हिवाळा आला की, फुलं, आणि कुठून ऊन? वे, वो, वेन, विंटर, वो: देवनागरीत लिहिलं की 'व'ची ती कापरी रांग डोळ्यांनाही दिसते. 'वेन'वर ओळ तुटते, तोल जातो. पहिल्या कडव्यात 'मी' नव्हताच. इथे तो उगवतो तो काहीच हाती नसलेला. आणि शेवट: भिंती उभ्या, मुक्या आणि थंड, वार्‍यात 'क्लिरेन डी फानेन'.

'फाने' म्हणजे झेंडा, म्हणून मी वर्षानुवर्षं 'निशाणं फडफडतात' असं शिकवलं. एका विद्यार्थिनीनं विचारलं, 'मॅडम, क्लिरेन तर काचेचा नाहीतर लोखंडाचा आवाज ना? कापड कसं खणखणेल?' मी शब्दकोश उघडला. इथे 'फानेन' म्हणजे छपरावरचे पत्र्याचे वातदर्शक, वार्‍याची दिशा दाखवणारे. गंजलेला पत्रा थंडीत करकरतोय. अख्ख्या कवितेतला शेवटचा आवाज धातूचा आहे, माणसाचा नाही. आणि मी तिथे पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन लावून ठेवलं होतं. त्या तीन शब्दांची लयही ऐका: 'क्लि-रेन डी फा-नेन', भारी-हलकं-हलकं-भारी-हलकं. ग्रीक सॅफो-कडव्याची शेवटची आखूड ओळ नेमकी अशीच असते. बाकी सगळं मोडल्यावर जुन्या वृत्ताचा एवढा एक तुकडा उरला आहे. १८०७ साली ह्योल्डर्लीनला ट्युबिंगेनमध्ये नेकार नदीकाठच्या एका सुताराच्या घरी ठेवलं, आणि १८४३ पर्यंत, ३६ वर्षं, तो तिथेच राहिला. म्हणजे ते खरोखर अर्ध्यावर आलेलं आयुष्य होतं. पण कविता आधीची आहे, आजाराचा दाखला म्हणून ती वापरू नका.

परीक्षेपुरतं सांगायचं तर दहा कवितांवर दोन-दोन ओळी लिहिण्यापेक्षा दोन कवितांवर दोन-दोन पानं लिहा. प्रत्येक विधानाला एक ध्वनी, एक यती किंवा एक ओळतोड पुरावा म्हणून जोडा. 'मर्यादेतच खरा उस्ताद दिसतो, आणि नियमच आपल्याला स्वातंत्र्य देतो' हे ग्योटेचं वाक्य सगळेच उद्धृत करतात. ते एका सॉनेटच्या शेवटी आहे, म्हणजे चौदा ओळींच्या पिंजर्‍यात बसून म्हटलेलं आहे, हे सोबत लिहिलंत तरच ते वापरा.

आणि सराव म्हणून एक कविता मी मुद्दाम उघडलेली नाही: ह्योल्डर्लीनची 'आन डी पार्त्सेन', नियतीदेवींना. तीन कडव्यांची ओड, अल्काइक वृत्त, ओळींची अक्षरं ११, ११, ९, १०, जागा ठरलेल्या, म्हणजे आपल्या अक्षरगणवृत्ताच्या सगळ्यात जवळची. पहिल्या ओळीत तो देवींकडे फक्त एक उन्हाळा मागतो. शेवटच्या कडव्यात 'आइनमाल', म्हणजे 'एकदा', हा शब्द तिसर्‍या ओळीच्या अगदी टोकावर येतो आणि त्याचं वाक्य चौथ्या ओळीत पुरं होतं. तो शब्द तिथे टोकावर लटकत का ठेवला असेल, यावर एक पान लिहून आणा.